काटकोनात वळत आलेली फरशी

फरशीच्या दुकानात व्हिट्रिफाइड टाईल्सच्या शेजारी आता ‘लक्झरी व्हिनाइल’चे नमुनेही मांडलेले असतात. त्यांना फळ्या म्हणतात, पण त्यात लाकूड औषधालाही नसतं. जाडी दोन ते सहा मिलिमीटर आणि वर ओकचा किंवा अक्रोडाचा हुबेहूब फोटो. या फळ्यांची सर्वांत रुबाबदार मांडणी म्हणजे हेरिंगबोन. एका फळीचं डोकं दुसरीच्या कुशीला काटकोनात टेकवत गेलं, की खोलीभर माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. या फरशीत दोन घराणी एकत्र नांदतात. मांडणीचं घराणं दोन हजार वर्षांचं आहे, मालाच्या घराण्यातलं व्हिनाइल जेमतेम शंभर वर्षांचं. त्यांची सोयरीक कशी जुळली हे माहीत असेल, तर दुकानात कशाचे पैसे मोजायचे आणि कशाचे नाही, तेही कळतं.

मांडणीचा ठळक जुना पुरावा रोममध्ये आहे. सम्राट ट्राजनच्या कारकिर्दीत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी, तिथे बाजाराची मोठी इमारत उभी राहिली. छोट्या विटा कडेवर उभ्या करून काटकोनात जोडलेली तिथली जमीन आजही पाहायला मिळते. रोमन गवंड्यांना या नक्षीत मासा नव्हे, गव्हाची ओंबी दिसत होती. पण ते ती शोभेसाठी घालत नव्हते. सरळ रांगेत बसवलेल्या विटांचे सांधे एका रेषेत येतात आणि वर्दळीचा रेटा सतत एकाच दिशेने बसला, की त्या रेषेवर विटा सरकू लागतात. काटकोनी मांडणीत एकही सांधा लांबवर सरळ धावत नाही, प्रत्येक वीट शेजारणीला अडवून धरते. जिथे वाहनं वळतात आणि ब्रेक लावतात, तिथे पेव्हर ब्लॉक बसवताना अभियंते आजही हीच मांडणी सुचवतात, तेही याच कारणासाठी.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात जमिनीबद्दल सविस्तर लिहिलं आहे. ओंबीच्या नक्षीतल्या विटांची जमीन काळजीपूर्वक घासून एका पातळीत आणावी, तिच्यात खळगा राहू नये आणि उंचवटाही राहू नये, असं तो बजावतो. त्याचं बहुतेक विवेचन मात्र वरच्या विटांबद्दल नाही, खालच्या थरांबद्दल आहे. आधी माती ठोकून घट्ट करायची, मग मुठीएवढे दगड, त्यावर खडी आणि चुन्याचा जाड थर, त्यावर विटांच्या भुकटीचा बारीक थर, आणि इतकं झाल्यावर वरचं काम.

चौदाशे वर्षांनी हीच मांडणी जमिनीवरून घुमटावर चढली. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर चाळीस मीटरहून अधिक रुंदीचा घुमट बांधायचा होता, आणि त्याला खालून आधार देणारा लाकडी सांगाडा उभारणं परवडण्यासारखं नव्हतं. फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० मध्ये काम सुरू केलं आणि १४३६ मध्ये घुमट पुरा केला. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या विटा घालून त्याने त्या माशाच्या काट्यासारख्या वर वर चढवत नेल्या. चुना ओला असताना आतल्या बाजूला कललेला थर घसरू नये, म्हणून या उभ्या विटा त्याला पकडून ठेवत. इथेही नक्षी नंतर दिसली, तिचं काम आधी होतं.

लाकडात ही मांडणी रुळली ती युरोपातल्या वाड्यांमध्ये आणि राजमहालांत. संगमरवरी जमीन सतत धुवावी लागे आणि ते पाणी झिरपून खालच्या लाकडी तुळया कुजत. म्हणून व्हर्सायच्या महालात १६८४ च्या सुमारास संगमरवराच्या जागी ओकची जमीन आली. तिची नक्षी तिरक्या जाळीच्या चौकटींची होती, हेरिंगबोन नव्हे. पण या महालामुळे नक्षीदार लाकडी जमिनीला जी प्रतिष्ठा मिळाली, तिचा लाभ सगळ्याच मांडण्यांना झाला. हेरिंगबोनच्या बाजूने आणखी दोन व्यावहारिक गोष्टी होत्या. एक म्हणजे तिला आखूड तुकडे चालतात, त्यामुळे लांब फळी न निघणारं लाकूडही कामी येतं. दुसरी म्हणजे लाकूड हवेतल्या दमटपणाने लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत फुगतं. तुकडे एकमेकांना काटकोनात असले, की हे फुगणं एकाच दिशेला साठत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही जमीन महालातून फ्लॅटमध्ये आली. बॅरन ऑसमानने १८५३ ते १८७० या काळात पॅरिसचा कायापालट केला. त्या नव्या रस्त्यांवरच्या इमारतींत प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्याला नक्षीदार ओक असे, मागच्या खोल्यांना साध्या सरळ फळ्या, आणि सगळ्यांत वरच्या मजल्यावरच्या नोकरांच्या खोल्यांना भाजक्या मातीच्या षटकोनी लाद्या. माणसाची पायरी जमिनीवरून कळत होती. पॅरिसमध्ये हेरिंगबोनची चुलत बहीणही लोकप्रिय होती, ती शेवरॉन. दुकानात या दोघींची सर्रास गल्लत होते. हेरिंगबोनच्या फळीची टोकं काटकोनात कापलेली असतात आणि फळ्या पायरीसारख्या सरकत जातात. शेवरॉनची टोकं तिरकी कापतात, त्यामुळे दोन फळ्या टोकाला टोक भिडवून बाणाचं अणकुचीदार टोक तयार करतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधल्या शाळा आणि उपनगरांतली घरं यांत काँक्रीटवर डांबर पसरून लाकडी ठोकळे हेरिंगबोनमध्ये चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. इथे एक महत्त्वाचा बदल घडला. तुकड्यांना जागेवर धरून ठेवण्याचं मुख्य काम आता त्यांच्या खाली पसरलेलं डांबर करू लागलं. मांडणीवरचा भार हलका झाला आणि तिची शोभा तेवढी उरली.

दुसरं घराणं गरिबांच्या, मध्यमवर्गीयांच्या जमिनीचं. ज्यांना दगड किंवा ओक परवडत नसे, ते अठराव्या शतकापासून रंगवलेलं मेणकापड अंथरत, आणि त्यावर संगमरवर किंवा लाकडाची नक्कल चितारलेली असे. या मालाला खरी कलाटणी दिली इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनने. रंगाच्या डब्यात जवसाचं तेल हवेमुळे घट्ट होऊन त्याची रबरासारखी साय धरते, हे हेरून त्याने १८६० च्या दशकात लिनोलियम बनवलं. घट्ट केलेलं जवसाचं तेल, राळ आणि बुचाच्या झाडाच्या सालीची भुकटी एकत्र मळून ती तागाच्या कापडावर दाबायची, अशी ही कृती. १८६४ मध्ये लंडनजवळच्या स्टेन्स इथे कारखाना सुरू झाला. पुढे स्कॉटलंडमधलं कर्कॉडी हे गाव या धंद्याचं मोठं केंद्र झालं. तेलाच्या वासासाठी ते प्रसिद्ध होतं.

या धंद्याची एक मुळी आपल्यापर्यंत येते. ताग बंगालचा होता आणि तो स्कॉटलंडमधल्याच डंडीच्या गिरण्यांत विणला जाई. त्या काळात ब्रिटनला जवस पुरवणाऱ्या देशांत रशियाच्या बरोबरीने हिंदुस्थानचं नाव होतं आणि मध्य प्रांत हा जवसाचा मोठा मुलूख. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि विदर्भाच्या ताटात चटणी म्हणून येणारं हे बी जहाजात भरणं सोपं झालं. लिनोलियमवर कारखान्यांनी लाकडी ठोकळ्यांची नक्षीही उठवली. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे आरपार बसवण्याचं तंत्र आल्यावर ती नक्षी झिजूनही पुसली जात नसे. एका मालाने दुसऱ्याचं सोंग घेणं हा वास्तुकलेतला लबाडपणा आहे, असं जॉन रस्किनने १८४९ मध्येच लिहून ठेवलं होतं. ग्राहकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

लिनोलियमची गादी व्हिनाइलने घेतली. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे पीव्हीसी, एकोणिसाव्या शतकातच प्रयोगशाळेत दिसलं होतं, पण ते कडक आणि ठिसूळ असल्याने कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. १९२६ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीतल्या वाल्डो सेमनने ते द्रावकांत तापवून लवचिक केलं. खरं तर तो रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात व्हिनाइलच्या लाद्या लोकांसमोर आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या घराघरांत शिरल्या. आपल्याकडे कित्येकांची या मालाशी ओळख घरात नव्हे, रेल्वेच्या डब्यात झाली, कारण डब्यांच्या तळाला पीव्हीसीचंच आवरण असतं.

या घराण्याच्या इतिहासात काळी पानंही आहेत. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत विकल्या गेलेल्या व्हिनाइलच्या कितीतरी लाद्यांत ॲस्बेस्टॉस असे. १९७४ मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथल्या गुडरिचच्या कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचं उघड झालं. त्याचं कारण होतं पीव्हीसीचा कच्चा माल असलेला व्हिनाइल क्लोराइड वायू. त्यानंतर अमेरिकेने कारखान्यातल्या हवेत या वायूचं प्रमाण दहा लाखांत एक भाग इतक्यावर बांधून घातलं. तयार फरशीच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता, तो लवचिकपणासाठी घालायच्या थॅलेट रसायनांचा. आरोग्याच्या शंकांमुळे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या विक्रेत्यांनी अशी रसायनं घातलेली व्हिनाइल फरशी ठेवणं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला.

‘लक्झरी’ हा शब्द चिकटला तो सुट्या, जाड आणि उत्तम छपाईच्या लाद्यांना. ब्रिटनच्या कॉव्हेंट्रीमध्ये १९६४ साली सुरू झालेली ॲम्टिको ही या प्रकारातली जुनी कंपनी. आजची फळी म्हणजे थरांची उतरंड आहे. तळाशी पीव्हीसी आणि चुनखडीची भुकटी, त्यावर लाकडाच्या फोटोची पातळ फिल्म, त्यावर झीज सोसणारा पारदर्शक थर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनची झिलई. चांगल्या मालात फोटोतल्या रेषांवर नेमक्या त्याच ठिकाणी खाचा उठवलेल्या असतात, त्यामुळे बोटालाही लाकूडच लागतं. १९९० च्या दशकात स्वीडन आणि बेल्जियममध्ये लॅमिनेट फळ्यांसाठी गोंदाशिवाय एकमेकींत अडकणारी ‘क्लिक’ खाच विकसित झाली. ती पुढे चुनखडीचं प्रमाण जास्त असलेल्या कडक फळ्यांतही आली. या फळ्या एसपीसी नावाने मिळतात.

अशी ही दोन घराणी एकत्र आली. व्हिनाइलचं हेरिंगबोन म्हणजे लाकडाची नक्कल, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. फोटो नक्कल आहे, पण मांडणी लाकडाने स्वतःच विटांकडून घेतलेली आहे. त्यामुळे नक्षीबद्दल मनात अपराधीपणा ठेवण्याचं कारण नाही. लक्षात ठेवायची ती दुसरी गोष्ट. विटेत ही मांडणी भार पेलत होती, ओकमध्ये फुगणं आवरत होती. व्हिनाइलमध्ये पकड धरतो गोंद किंवा क्लिकची खाच, आणि नक्षी फक्त दिसते. तिच्यासाठी मजुरी जास्त लागते, मालही जास्त जातो, आणि टिकाऊपणा मात्र एका दिवसानेही वाढत नाही.

म्हणून घेताना क्रम उलटा ठेवावा, आधी तळ आणि मग नक्षी. जुनी टाईल न फोडता वर व्हिनाइल बसवता येतं, हा या मालाचा मोठा फायदा. पण टाईलचे सांधे आणि खड्डे लेव्हलिंगने भरले नाहीत, तर काही महिन्यांत ते वर उमटतात. दोन मीटर लांब पट्टी जमिनीवर ठेवली असता तिच्याखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये. तळमजल्यावर ओल वर चढत असेल, तर आधी ती तपासून घ्यावी. पाण्याने व्हिनाइल बिघडत नाही, पण खालचा गोंद सुटतो. भर उन्हाच्या गॅलरीलगत पूर्ण चिकटवलेली फरशी क्लिकवाल्यापेक्षा निर्धास्त असते.

मग वरचा थर. एकूण जाडी सांगून दुकानदार गप्प बसला, तर झीज सोसणाऱ्या थराची जाडी वेगळी विचारावी. घरासाठी ०.३ मिलिमीटर चालतो. वर्दळ जास्त असेल, कुत्रा असेल किंवा खुर्च्या सतत सरकत असतील, तर ०.५५ घ्यावा. थॅलेट नसल्याचा आणि हवेत सुटणाऱ्या रसायनांच्या चाचणीचा कागद मागावा. छपाईत वेगवेगळ्या फळ्या किती आहेत, तेही पाहावं. हेरिंगबोनच्या फळ्या लहान असल्याने तीच गाठ पुन्हा पुन्हा आली तर डोळ्यांत भरते. क्लिकच्या हेरिंगबोनला डावी आणि उजवी, म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’, अशा दोन प्रकारच्या फळ्या लागतात. दोन्ही सारख्या संख्येने आल्या आहेत का, ते खोकी उघडून मोजावं.

शेवटी हिशेब आणि कारागीर. बारा बाय पंधराच्या खोलीचे १८० चौरस फूट होतात. सरळ मांडणीला १० टक्के जादा माल पुरतो, हेरिंगबोनला १५ टक्के धरावा, म्हणजे सुमारे २०७ चौरस फूट. आपल्या फ्लॅटच्या भिंती क्वचितच गुण्यात असतात. त्यामुळे भिंतीपासून सुरुवात करणारा कारागीर नक्षी वाकडी नेतो. खोलीच्या मध्यावर सूत मारून तिथून दोन्हीकडे काम नेणारा हवा, आणि त्याने आधी बसवलेली एक तरी खोली पाहून यावी.

लेव्हलिंगला, ०.५५ च्या थराला आणि अशा कारागिराला पैसे देऊन हातात काही उरत असेल, तर हेरिंगबोन जरूर घ्या. उरत नसेल, तर त्याच फळ्या सरळ रांगेत लावून घ्या.