पुढे ढकललेले काम आणि उघडी पडलेली गुपिते

एकाच प्रोसेसरवर अनेक थ्रेड एकाच वेळी चालल्याचा भास होतो, तो पाळी झपाट्याने बदलत असल्यामुळे. पाळी संपलेल्या थ्रेडच्या रजिस्टरांतील आकडे स्मृतीत जपून ठेवायचे आणि नव्या थ्रेडचे आकडे तेथे मांडायचे, हे कार्यप्रणालीचे कर्तव्य. या कर्तव्यात केलेली एक काटकसर पुढे कशी महागात पडली, त्याचा हा इतिहास.

1980 मध्ये इंटेलने 8087 हा गणिती सहप्रोसेसर आणला. त्यात 80 बिटांची आठ रजिस्टरे होती. नियंत्रणाच्या माहितीसह त्याची संपूर्ण अवस्था जपायला 94 बाइट लागत. बहुतेक प्रोग्राम अपूर्णांकांचे गणित करीतच नसत. मग प्रत्येक पाळीला हा भार का वाहावा? 1982 च्या 80286 मध्ये यासाठी एक खास बिट आला. पाळी बदलली की तो 1 होई आणि त्यानंतरच्या पहिल्याच फ्लोटिंग-पॉइंट आज्ञेला प्रोसेसर थांबून सातव्या क्रमांकाचा अपवाद उठवी. अदलाबदल तेव्हाच होई. तोवर आधीच्या थ्रेडचे आकडे रजिस्टरांत तसेच पडून राहत.

पुढे परिस्थिती पालटली. रजिस्टरे वाढत गेली. एव्हीएक्स-512 मध्ये केवळ 32 मोठ्या रजिस्टरांनाच 2048 बाइट लागतात. शिवाय स्मृतीतील मजकुराची नक्कल आणि गुप्तलेखनही याच रजिस्टरांतून होऊ लागले. जवळपास प्रत्येक थ्रेड ती वापरू लागल्यावर अपवादाचा खर्च बचतीहून जड झाला. 2016 मध्ये लिनक्सच्या 4.6 आवृत्तीने प्रत्येक पाळीला तत्काळ अदलाबदल करण्याची रीत सर्वत्र स्वीकारली.

जून 2018 मध्ये या निर्णयाचे दुसरे महत्त्व कळले. 'लेझी-एफपी' या नावाने जाहीर झालेल्या त्रुटीत असे दिसले, की इंटेलचे अनेक प्रोसेसर अपवाद उठण्याआधीच पुढच्या आज्ञा अंदाजाने चालवीत आणि त्या आज्ञांना मागे पडून राहिलेले परक्याचे आकडे दिसत. अंदाजाने केलेले काम रद्द होई, पण कॅशमध्ये त्याचा माग उरे. त्यावरून गुप्तलेखनाच्या किल्ल्याही ताडता येणे शक्य होते. जुन्या पद्धतीवरच चालणाऱ्या कार्यप्रणालींना घाईने दुरुस्ती करावी लागली.

भारतासाठी हा केवळ परदेशी इतिहास नाही. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर रिस्क-व्ही आराखड्यावर उभे आहेत. त्या आराखड्यात फ्लोटिंग-पॉइंट अवस्थेसाठी दोन बिट आहेत: बंद, आरंभिक, न बदललेली आणि बदललेली, अशा चार स्थिती ते सांगतात. आकडे बदललेच नसतील तर ते पुन्हा जपण्याचे श्रम वाचतात. ही काटकसर रास्त आहे. परंतु 'बंद' म्हटलेले रजिस्टर अंदाजाने चालणाऱ्या आज्ञेलाही खरोखर बंद असले पाहिजे. ते तसे आहे की नाही, हे रचनाकाराने चिप घडवण्यापूर्वीच तपासायला हवे. एकदा घडलेले सिलिकॉन दुरुस्त करता येत नाही.