गुडघ्याचे सांधेरोपण : निर्णय आणि नंतरची वाटचाल

आधी जिना उतरताना कठड्याचा आधार लागतो, मग जमिनीवर बसणे सुटते आणि शेवटी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जाणेही नकोसे होते. गुडघेदुखी अशी हळूहळू माणसाचे जग आखडत नेते. एक्स-रे काढला की 'गुडघे झिजले आहेत' असे कळते आणि घरात शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते. मात्र हा निर्णय केवळ एक्स-रेवरून घ्यायचा नसतो.

झीज आणि वेदना
गुडघ्यात एकमेकांवर फिरणाऱ्या हाडांच्या टोकांना कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता किंवा आमवात यांमुळे ते झिजते. ही कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजही उपलब्ध नाही. मात्र झीज आणि वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. बरीच झीज असूनही काही जण रोज फिरायला जातात.

निर्णय केव्हा?
वजन घटवणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, हातात काठी आणि वेदनाशामके हे उपाय आधी नेटाने करावेत. त्यानंतरही दुखण्याने रात्रीची झोप मोडत असेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. दुखणे सौम्य असताना घाई केल्यास अपेक्षाभंग होण्याची शक्यता अधिक असते. उलट, पाय वाकडा होऊन स्नायू क्षीण होईपर्यंत थांबल्यास सुधारणा अपुरी राहते.

शस्त्रक्रियेत काय होते?
संपूर्ण गुडघा काढला जात नाही. हाडांचे झिजलेले पृष्ठभाग काही मिलिमीटर कापून त्यांवर धातूचे आवरण बसवले जाते आणि मध्ये पॉलिएथिलीनची चकती ठेवली जाते. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा ती घरोघरी माहीत झाली. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलता येतात. परंतु हृदयावरील ताण लक्षात घेऊन अनेकांना असे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. रुग्णालयाचा इतर खर्च वेगळा असल्याने एकूण अंदाज आधीच लेखी घ्यावा. मधुमेह आटोक्यात आणणे, दात वा लघवीचा जंतुसंसर्ग बरा करणे आणि धूम्रपान थांबवणे ही पूर्वतयारी आवश्यक आहे.

नंतरचे दिवस
बहुतेक रुग्णांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. पहिल्या सहा आठवड्यांत पाय पूर्ण सरळ करणे आणि हळूहळू वाकवणे यांवर भर असतो. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नये. त्यामुळे पाय किंचित वाकलेलाच राहण्याचा धोका असतो. दुखते म्हणून व्यायाम टाळल्यास सांधा आखडतो. त्यामुळे वेदनाशामक घेऊन व्यायाम करणे श्रेयस्कर. वॉकर सोडून काठीवर येण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. सूज काही महिने टिकते, तर पूर्ण सुधारणेस वर्षही लागू शकते. व्रणाशेजारची बधिरता कित्येकांत कायम राहते.

जखमेतून स्राव, ताप, पोटरीत वाढते दुखणे व सूज यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

अपेक्षा किती ठेवावी?
२०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ८२ टक्के कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. तरीही साधारण पाचांपैकी एक रुग्ण परिणामाबाबत पूर्ण समाधानी नसतो. चालणे, जिना चढणे, प्रवास हे सुकर होते. मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय मात्र बहुतेकांना टाळावे लागते. घरात कमोड आणि उंच खुर्चीची सोय आधीच करावी.

तरुणपणीचा गुडघा शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. मिळते ती वेदनेतून सुटका, आणि तिचा लाभ किती होणार हे पुढच्या काही महिन्यांतील नियमित व्यायामावर अवलंबून असते. हे मान्य असेल, तरच शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी.