घंटेनंतरची शाळा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी तुम्हीही काही लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी गांगरूनच गेले. सातवी शिकलेली बाई मी, लिहून काय लिहिणार? परंतु एक गोष्ट पुष्कळ दिवस मनात घोळते आहे. ती आपणा भगिनींपुढे मांडते. गोड करून घ्यावी.

माझे माहेर अमळनेर तालुक्यातले. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला वडील आम्हा भावंडांना अमळनेरला नेत. प्रताप हायस्कूलचा विषय निघाला की ते हात जोडत आणि म्हणत, "साने गुरुजी इथे मास्तर होते बरे!"

गुरुजी त्या शाळेत १९२४ साली शिक्षक म्हणून आले. पुढे छात्रालयाचे, म्हणजे परगावच्या मुलांच्या वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले. वर्ग सुटल्यावर गुरुजींची दुसरी शाळा तिथे भरे. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी रागावत नसत. मुकाट्याने केर काढीत, अंथरुणांच्या घड्या घालीत, मुलांचे कपडेही धूत. कोणी आजारी पडले तर उशाशी बसत. शेवटी मुलेच लाजली आणि आपली कामे आपण करू लागली. स्वावलंबनाचा हा धडा कोणत्या पुस्तकात होता?

त्या मुलांसाठी गुरुजींनी 'छात्रालय' नावाचे दैनिक काढले. ते छापलेले नव्हते, गुरुजी स्वतःच्या हाताने लिहीत. वाचक कोण, तर छात्रालयातली मुले. एवढ्या थोड्या वाचकांसाठी रोज लिहायचे! आपल्याला महिन्याच्या किराण्याची यादी करायचाही कंटाळा येतो. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. १९३० साली शाळा सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात गेले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. त्यात श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना आईची आठवण सांगतो. छात्रालयातल्या मुलांशी बोलायची सवयच त्या पुस्तकात उतरली असावी, असे मला आपले वाटते. स्वातंत्र्यानंतर १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पण लेखणीने मुलांची सेवा करण्याची रीत त्या हाती लिहिलेल्या दैनिकातच दिसली होती.

शाळांत असे आणखीही उपक्रम आले. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडात मुलांचे पहिले शिबिर भरवले, त्यातून बालवीर चळवळ निघाली. मुलींची वीरबाला पथके १९१० साली सुरू झाली. आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. एन.सी.सी. १९४८ साली निघाली, आणि मुलींना १९४९ साली तिच्यात जागा मिळाली. वक्तृत्व, नाटक, स्नेहसंमेलन, हस्तलिखित हे तर आपल्या शाळांत घरोघरच्या तुळशीसारखेच.

आता माझी गोष्ट. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल दूरच्या गावी, म्हणून माझे शिक्षण थांबले. दादा मात्र सायकलने जाई. १९९४ साली त्याच्या शाळेत हस्तलिखित निघायचे होते, आणि लेख सुवाच्य उतरवण्याचे काम दादाकडे आले. त्याचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! तो म्हणाला, "ताई, तू लिहून दे ना." रात्री वीज नसे. कंदिलापाशी बसून मी सोळा पाने उतरवली. चंद्राच्या कलांवरचा लेख, शिवनेरीच्या सहलीचे वर्णन, एका मुलीची कविता, सारे लिहिता लिहिता मी शिकले. बक्षीस मिळाले, शेवटच्या पानावर 'अक्षर' म्हणून दादाचे नाव आले. मी ज्या हायस्कुलाची पायरीही चढले नाही, तिथे माझे अक्षर जाऊन बसले. तेव्हा आनंद झाला. रडू पुष्कळ वर्षांनी आले.

आणि भगिनींनो, कबूल करायला लाज वाटते, पण गेल्या वर्षी मीच माझ्या लेकीला रागावले. ती नववीत, हस्तलिखिताची संपादक झालेली. मी म्हटले, "दहावी तोंडावर आली, हे नसते उद्योग बंद कर." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सगळे कागद बाईंना परत देऊन आली. रात्री जेवताना तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला कंदिलापाशी बसलेली मी दिसले. माझ्या बाबतीत हायस्कूल दूर होते. हिचे हायस्कूल जवळ असून आड मी आले! सकाळी मी स्वतः शाळेत गेले आणि बाईंकडून ते कागद परत मागून आणले. हस्तलिखित निघाले, आणि लेकीच्या गुणांतही काही उणे आले नाही.

परीक्षेचा पेपर मुले एका तपासणाऱ्यासाठी लिहितात. हस्तलिखितात ती सोबत्यांसाठी लिहितात. दुसऱ्याला कळेल, आवडेल असे लिहिण्याचे वळण तिथेच लागते, आणि ते जन्मभर पुरते. म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, भजन होते, भिशी होते. त्याबरोबर वर्षातून एकदा आपल्या गल्लीतल्या मुलींचे एक हस्तलिखित निघावे. कागद मंडळाचा, लेख मुलींचे. अक्षरासाठी कोणी मिळाले नाही, तर मी आहेच. मात्र या खेपेला शेवटच्या पानावर नाव माझे घालावे, एवढीच विनंती.