दहा पौंडांची मुंबई आणि वरचा मजला

आमच्या बोरिवलीच्या घरात पावसाळा वेधशाळेच्या आधी कळतो. छताला पहिला ओला ठिपका दिसला, की आई मुकाट्याने खाटेवरून उठते, मी खाट सरकवतो आणि ही खाली पातेले आणून ठेवते. गेली चाळीस वर्षे हा कार्यक्रम चालू आहे. फक्त पातेली बदलली.

हे घर वडिलांनी 1983 साली घेतले. मी दोन वर्षांचा असल्यामुळे माझा सल्ला घेतला गेला नाही. तिसरा मजला, वर गच्ची, म्हणून दुसऱ्या मजल्यापेक्षा पाच हजारांनी स्वस्त. सोसायटीचे धोरण पहिल्यापासून स्पष्ट आहे : गच्ची सर्वांची, गळती तुमची.

परवा हिला माळ्यावर वडिलांची हिशेबाची वही सापडली. डांबर, ताडपत्री, कोबा, पुन्हा डांबर. बेरीज करून तिने वही माझ्यापुढे सरकवली.

"अहो, पाच हजार वाचवायला एवढे घातले?"

दिवसभर बँकेत लोकांच्या जमाखर्चात डोके घालणाऱ्या या बी.कॉम. माणसाला उत्तर सुचेना. अशा वेळी मी इतिहासाचा आडोसा घेतो.

"अगं, इंग्लंडच्या राजालाही असाच वरचा मजला मिळाला होता."

दुसऱ्या चार्ल्सचे लग्न पोर्तुगालच्या कॅथरिनशी ठरले. 1661 च्या तहाने त्याला हुंड्यात रोकड, आफ्रिकेतले टँजिअर आणि मुंबई मिळायची होती. फुकटची वस्तू घेताना कागद नीट कोण वाचतो? इंग्रजांना वाटले, मुंबईबरोबर साष्टीही आली. पोर्तुगीज म्हणाले, छे, साष्टी आमची! म्हणजे आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी मंडळी हुंड्यातून वगळली गेली. आम्ही चर्चगेटला निघालो की अजून 'मुंबईला जातो' म्हणतो, ते उगाच नव्हे.

ताबा घ्यायला 1662 साली सर अब्राहम शिपमन आले. पोर्तुगीजांनी ताबा दिला नाही. बिचारे शिपायांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसले आणि 1664 साली तिथेच वारले. शिपाईही आजाराने भराभर गेले. ताबा मिळाला 1665 साली. आणि आपण बिल्डरच्या नावाने रडतो!

हाती आले काय? बेटे, खाजणे, नारळाची झाडे आणि ताप. परदेशी माणसाने इथे दोन पावसाळे काढले तरी पुष्कळ, अशी मुंबईची ख्याती. शिवाय शिबंदीचा खर्च दरवर्षी. कायम कर्जात असलेल्या चार्ल्सने 1668 साली ही ब्याद ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात बांधली. भाडे वर्षाला 10 पौंड.

आपण राजाला हसतो. पण 10 पौंड ही मुंबईची किंमत नव्हतीच. खरी किंमत कंपनीने नंतर हप्त्याहप्त्याने भरली. जेराल्ड आँजिअर 1669 ते 1677 गव्हर्नर होता. त्याने तटबंदी, न्यायकचेरी, टांकसाळ यांची सोय केली, व्यापाऱ्यांना बोलावून वसवले. जिच्या बाबतीत घोळ झाला ती साष्टी मराठ्यांनी 1737 साली पोर्तुगीजांकडून घेतली. इंग्रजांना ती 1774 साली लढून घ्यावी लागली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने कायम झाली.

आता कोणी म्हणेल, खर्च करीत राहिले की वस्तूचे चीज होते. तसेही नाही. टँजिअर चार्ल्सने स्वतःकडे ठेवले. तिथे चांगले बंदर नव्हते, म्हणून समुद्रात धक्का बांधण्यात वर्षानुवर्षे पैसा ओतला आणि 1684 साली तो धक्का स्वतःच उडवून देऊन इंग्रज निघून आले. मुंबईला बंदर निसर्गानेच दिले होते. मुळात काही असेल, तरच डागडुजीला अर्थ.

"मग आपल्या घरात मुळात काय आहे?" हिने विचारले.

उत्तर वहीच्या पहिल्या पानावर होते. वडिलांच्या बारीक अक्षरात : 'स्टेशन पायी सात मिनिटे.' त्याखाली पैशांची जुळवणी. पतपेढीचे कर्ज, दोन मित्रांकडून उसने, आणि शेवटी 'हिच्या बांगड्या'. त्याखाली बेरीज होती, शिल्लक शून्य.

पाच हजार वाचवले नव्हते. ते नव्हतेच.

आम्ही दोघे काही वेळ गप्प बसलो. पलीकडे आई खाटेवर झोपली होती. हातात काचेच्या बांगड्या.

वहीत पुढे चाळीस ताडपत्र्या होत्या. त्यांतल्या निदान पंधरा माझ्या अक्षरात. वडिलांकडे पैसे नव्हते. माझ्याकडे काय सबब? गच्चीवर पत्र्याची शेड घालायची, तर खर्च ताडपत्रीच्या कितीतरी पट. सोसायटीने परवानगी काढून दिली आणि उदारपणे आमचाच वाटा मोठा ठेवला. दर वर्षी मी म्हणत आलो, "एवढ्यात नको, एक पावसाळा जाऊ दे."

यंदाही सवयीने ताडपत्रीचा भाव काढायला चपला घातल्या. स्वयंपाकघरातून हाक आली,

"अहो चार्ल्स!"

चपला काढल्या आणि शेडचा चेक लिहिला.