काचबद्ध किरणोत्सर्गी कचरा : निक्षालनाच्या प्रारूपांचा इतिहास

काचेत बद्ध केलेला किरणोत्सर्गी कचरा पाण्यात किती वेगाने पाझरेल, हा प्रश्न सहस्रावधी वर्षांचा. रूढ चाचणी मात्र २८ दिवसांची. हे अंतर संगणकीय प्रारूपांवर सोपवावे लागले. १९५८ व १९६० मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथे भूजलपातळीखाली पुरलेल्या काचठोकळ्यांची झीज उत्तरोत्तर मंदावत गेली. असे का व्हावे? १९८५ मध्ये बर्न्ड ग्रांबो यांनी झिजेचा वेग पाण्यातील सिलिकाच्या संपृक्ततेशी जोडला. सूत्र सुटसुटीत होते, कदाचित अधिकच. कारण संपृक्त पाण्यातही अल्पशी झीज चालूच राहते आणि दीर्घकाळात तीच निर्णायक ठरते. म्हणून २००८ मधील फ्रेंच ‘ग्राल’ प्रारूपाने काचेवर जमणाऱ्या थराला केंद्रस्थान दिले. त्याच सुमारास भूमध्य समुद्रतळी सुमारे १८०० वर्षे पडून राहिलेल्या रोमन काचेवर फ्रेंच संशोधकांनी आपली गणिते पडताळण्यास प्रारंभ केला.