व्हीजीएचे तीन रंग

मंडळी, मॉनिटर अचानक निळा-हिरवा दिसायला लागला की आपण लगेच नवीन ग्राफिक्स कार्डाच्या किमती बघायला लागतो. जरा दम धरा, आधी थोडा इतिहास!

आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं. त्याच्या १५ पिनांच्या कनेक्टरमधून लाल, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळ्या तारांनी अ‍ॅनालॉग रूपात जातात. तेव्हाच्या सीआरटीला तेच लागायचं. म्हणून लाल तार तुटली की चित्र निळं-हिरवं, निळी गेली की पिवळं. आधी पिना वाकल्यात का बघा, मग केबल बदला, मग दुसरा मॉनिटर लावून बघा. तरीही तेच दिसलं, तरच संशय कार्डावर.

आणि कार्ड बदलायचंच असेल तर? डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी वगैरेंनी २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करायचं जाहीर केलं. २०१६ च्या जीटीएक्स १०८० मध्ये तर अ‍ॅनालॉग सिग्नलच उरला नाही. त्यामुळे जुन्या मॉनिटरला नुसता प्लग बदलणारा स्वस्त अडॅप्टर पुरत नाही, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा कन्व्हर्टर लागतो. तेवढा घेतलात की धडधाकट मॉनिटर भंगारात जायचा वाचतो!