चुकीला ‘ठीक’ म्हणणाऱ्या ओळी

डिस्कवर लिहिताना चूक झाली तर प्रोग्रॅमने काय करावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण संगणकतज्ज्ञ त्यावर गेली साठ वर्षे डोके खाजवत आहेत.

१९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये मल्टिक्स ही प्रणाली तयार होऊ लागली. तिच्यावर काम केलेले टॉम व्हॅन व्लेक यांनी आठवण लिहून ठेवली आहे, की त्यांच्या प्रोग्रॅमचा निम्मा भाग चुका निस्तरण्यातच जाई. युनिक्सच्या डेनिस रिची यांना त्यांनी हे सांगितले. रिचींचे उत्तर असे, की आम्ही ते सगळे गाळूनच टाकले. चूक झाली की ‘पॅनिक’ यंत्र बंद पाडते, मग कोणाला तरी हाक मारून ते पुन्हा सुरू करायला सांगायचे!

याला आळस म्हणावे का? आम्हाला तसे वाटत नाही. बंद पडलेले यंत्र निदान खोटे तरी बोलत नाही. मात्र असे मध्येच थांबल्याने डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहत. त्या जुळवण्यासाठी सत्तरच्या दशकात बेल प्रयोगशाळेतील टेड कोवाल्स्की यांनी ‘एफएससीके’ हा तपासनीस प्रोग्रॅम लिहिला. हजेरीपट आणि वर्गातली मुले ताडून पाहावीत, तसे त्याचे काम. बेवारस फायली तो ‘लॉस्ट प्लस फाउंड’ नावाच्या कप्प्यात ठेवतो.

पण डिस्कने केलेली तक्रार वरपर्यंत पोचलीच नाही तर? विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली लिनक्समध्ये असा निरोप पुढे नेणाऱ्या ९०२२ जागा तपासल्या. त्यांतील ११५३ जागी, म्हणजे सुमारे १३ टक्के ठिकाणी, निरोप नीट जपला जात नव्हता.

चूक सांभाळल्याचा देखावा तर याहून घातक. पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या प्रोग्रॅममध्ये तो २०१८ साली उघडकीस आला. मजकूर डिस्कवर पक्का झाला का, असे तो लिनक्सला विचारी. ‘नाही’ असे उत्तर आले, तर थोड्या वेळाने पुन्हा विचारी. किती शहाणपणाचे वाटते! परंतु लिनक्स ती चूक एकदाच सांगे आणि स्मृतीतील तो मजकूर ‘लिहून झाला’ असे समजे. म्हणून दुसऱ्या वेळी ‘ठीक’ असे उत्तर येई. मजकूर डिस्कवर नसायचाच, आणि तो परत मिळवण्याची रोजनामचातील नोंदही आता अनावश्यक म्हणून टाकून दिली जाई.

फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांत हा पुनःप्रयत्न काढला गेला. आता पोस्टग्रेस पहिल्याच चुकीला पॅनिक करतो आणि पुन्हा सुरू होताना रोजनाम्यावरून मजकूर नव्याने लिहितो. पुनःप्रयत्नाची सोय ठेवली आहे, पण ती मुळात बंद असते.